बोर्डिंगचं विचारायचं तर तानुबाईला

कुरडयांचा चीक अर्धाच घालून झाला होता. अंगणात जुन्या धोतरावर सहा ओळी झाल्या होत्या, पातेल्यात अजून तेवढाच चीक गरम होता, आणि सोऱ्या हातात असतानाच फाटकाशी जीप थांबली. लासलगावची माणसं. सफारीतला एक बाप, त्याची बायको आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी. बापाने फाटक ढकललं आणि चपलेसकट धोतराच्या काठावर पाय दिला. चार कुरडया गेल्या.

“बोर्डिंगवाल्या मावशी इथंच ना?”

“मागे,” मी म्हणाले. “आणि खाली बघून चाला.”

मे महिना लागला की आमच्याकडे हेच. आम्ही मखमलाबादचे, झेंडू आणि गुलाब करतो. घराच्या मागे एक खोली आहे, तिथे तानुबाई भोये राहते. गंगापूर रोडच्या एका मुलींच्या बोर्डिंगात तिने सतरा वर्षं वसतिगृहाची मावशी म्हणून काम केलं. गाद्या घालायच्या, उवा काढायच्या, नळावर रांग लावायची, तापाच्या मुलीपाशी बसायचं. त्या शाळेत मुलगी घालायची तर आधी तानुबाईला विचारून यावं, हे कुणी कुणाला सांगितलं देव जाणे. माणसं येतात, माझ्या ओट्यावर बसतात, माझ्या माठातलं पाणी पितात आणि जाताना माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

मी रोज वही लिहिते. आधी एकशे आठ वेळा रामनाम, मग उरलेल्या जागेत दिवस. गेल्या दहा वर्षांत या वहीत रामाच्या खालोखाल तानुबाईचंच नाव आलंय, आणि एकदाही चांगल्या कारणाने आलेलं नाही. ती मोठ्याने थुंकते. माझ्या तुळशीच्या कट्ट्यावर लुगडं वाळत घालते. मला माझ्याच अंगणात “वैनी, बाजूला हो” म्हणते. तिला काढताही येत नाही, कारण सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा शेवटचं वर्षभर सगळं हिने केलं. मला तेव्हा पल्लवी तान्ही होती. जाताना सासूबाई यांना सांगून गेल्या, मागची खोली तानुची. झालं. आईचा शब्द यांच्यासाठी पोथीसारखा.

तर ती लासलगावची माणसं मागे गेली. मी चीक घालत होते, पण भिंत एकच, कानात सगळं येतं.

“बाप्या मानसानं जीपमदी बसायचं,” तानुबाई म्हणाली. “आन् आईनं तोंड मिटायचं. तिथं ऱ्हायचं कुनाला हाय? तुला का पोरीला?”

“रिझल्ट कसा असतो हो शाळेचा?” आईने तरी विचारलंच.

“रिझल्ट हापिसाच्या भितीवर लावलाय. मी गाद्या उचलायची. पोरी, तू बोल. काय इचारायचं ते इचार.”

मुलगी हळूच म्हणाली, “चहा मिळतो?”

“मिळतो. पान्यासारका. पन गरम.”

“भूत आहे का?”

“नाय. ज्या पोरीचे आईबाप रविवारी येत नाय, ती दुसरीला भूत सांगती. तेवढंच.”

“आई रोज फोन करू शकते?”

“महिन्याचा पयला रविवार. लाईन एवढी, की तुझा नंबर येईस्तोवर काय बोलायचं ते तू इसरशील. आनखी?”

“रात्री लाईट?”

“संडासाचा चालू. झोपायच्या खोलीतला बंद. आता माझं ऐक. ही अर्धी बादली. यातच आंघोळ, यातच चड्डी धुवायची. जमंल? बरं. आता दोन येण्या घाल. माझ्यासमोर. आरसा नाय.”

मी सोऱ्या ठेवून भिंतीवरून डोकावले. मुलीने उजवी वेणी घातली, डावीकडे हात वळेना, आई पुढे झाली तर तानुबाईने तिचा हात झटकला. डावी वेणी सुटली. मुलीचे डोळे भरले.

“यंदा नको. वरीसभर घरी शिक, मंग ये.”

बाप जीपमधून उतरून मागे आला आणि ओरडला, “वेणीवर ठरवता काय तुम्ही? ॲडमिशन झालीये आमची!”

“मंग मला कशाला इचारतो? जा की. तिथं सकाळी प्रार्थनेला येणी सुटली, तं बाई लाईनीतून भायेर काढती. तवा तू काय जीप घेऊन येनार हाईस का?”

ती माणसं शिव्या देत गेली. दरवर्षी अशी चार-पाच घरं आमच्या फाटकातून शिव्या देत जातात. तिला त्याचं काही नाही. मला आहे, फाटक माझं आहे.

पण हे सगळं पल्लवीही बघत होती, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. आमची पल्लवी त्याच बोर्डिंगात दहा जूनला जायची होती. यांची इच्छा. पहाटे सगळं घर फुलं तोडायला जातं, दुपारी हार ओवतं, आणि पल्लवी अभ्यासाला बसली तरी कुणीतरी तिच्या मांडीवर दोरा टाकतंच. हे म्हणायचे, पोरगी फुलं ओवण्यात नको जायला. फुलबाजारात त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पल्लवीचं एकच होतं. अकरावं लागलं तरी अंथरूण ओलं व्हायचं. रोज नाही, आठवड्यात दोनदा-तीनदा. शाळेच्या फॉर्मवर बारावा प्रश्न तोच होता, पाल्यास अंथरूण ओले करण्याची सवय आहे काय. मी ‘नाही’ लिहिलं. खोटं म्हणून नव्हे. चैत्रात गडावर जाऊन मी देवीला नवस बोलले होते, पल्लवीचं हे सुटू दे, पायी येऊन ओटी भरीन. देवीवर सोपवलं आणि मग कागदावर ‘होय’ लिहिलं, तर तो भरवसा कसला? म्हणून ‘नाही’ लिहिलं, फॉर्मला हळदकुंकू लावलं आणि देऊन आले.

जीप गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर होते. शेजारची सिंधुबाई कळशी भरत होती, मागे आणखी तिघी. तानुबाई आली आणि सगळ्यांसमोर, हळू आवाज तिला माहीतच नाही, म्हणाली, “वैनी, फॉर्मवर गादीचं इचारतात. काय लिवलंस?”

“कुणी विचारलं तुम्हाला?”

“पल्लीनं. काल ती मानसं गेल्यावर आली. म्हनती, मावशी, तिथं गादी ओली झाली तर काय करतात? एवढंच इचारलं आन् पळाली. काय लिवलंस?”

सिंधुबाईची कळशी भरून वाहत होती, पण तिने सरकवली नाही.

“देवीला नवस बोललेय मी. तिच्यावर सोडलंय.”

“म्हंजे ‘नाय’ लिवलंस.”

“तुम्हाला काय करायचंय? सतरा वर्षं लोकांच्या पोरींच्या गाद्या हुंगल्या, अजून नाक भरलं नाही?”

मागच्या तिघींपैकी एक हसली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तानुबाई हसली नाही. “नवस तू बोललीस. गादी पोरीची ओली व्हती. चार दिस झाले, ती दुपारनंतर पानी पीत नाय. मी बघती हाय. काल तू पन्हं दिलंस, तिनं मोरीत ओतलं. एवढ्या उन्हाळ्यात. तू आई ना तिची?”

“अहो पण वसतिगृहात तसं काय करतात?” सिंधुबाईने विचारलं. तिला ऐकायचंच होतं.

मग तानुबाईने सांगितलं, कळशी कमरेवर तशीच ठेवून. पेठकडची आशा म्हणून एक मुलगी होती, पाचवीतली, तिच्याच बाजूच्या डोंगरातली. वसतिगृहाच्या बाईंचा नियम असा, की ओली गादी पुढच्या कठड्यावर टाकायची, मैदानाच्या बाजूला, आणि वर नावाची चिठ्ठी टाचायची. मुली प्रार्थनेला उभ्या राहिल्या की समोर गाद्या.

“टांगायचं कोन? मी. चिठ्ठी टाचायची कोन? मीच. मला वाचता येत नाय, पन आशाचं नाव मला वळखू यायला लागलं. मंग तिनं पानी सोडलं. दुपारपासून थेंब नाय. एक दिस प्रार्थनेत पडली, लघवीतून रगत. आठ दिस दवाखाना. मी बाईला म्हनलं, गादी मागल्या बाजूला वाळू घालू. बाई म्हनली, मावशी, तुम्हाला काम जड होतंय. म्हनलं हो, झालं जड. ते काम सोडलं.”

“काढलं असेल,” मी म्हणाले.

“काढलं म्हन. तुझ्या पोरीची तहान त्यानं भागती का?”

मी कळशी अर्धीच घेऊन आत आले आणि दार आपटलं. सबंध गल्लीत माझ्या लेकीची अब्रू गेली होती. त्या दिवशी नाम लिहिताना तीनदा चुकले, पान फाडलं. मनात एकच, की या बाईला शाळेने हाकललं म्हणून शाळेचं वाईट बोलते. जेवताना पल्लवीपुढे तांब्या ठेवला. तिने चार घास खाल्ले आणि म्हणाली, “तहान नाही.” ओठ फुटले होते तिचे. मी म्हटलं, ऊन आहे.

गुरुवारी गणवेशाच्या मापाला शाळेत बोलावलं होतं. स्वच्छ आवार, गुलमोहर, फरशी इतकी पुसलेली की चप्पल काढावीशी वाटली. वसतिगृहाच्या बाई भेटल्या. सुती साडी, गोड बोलणं. मला त्या आवडल्या. मनात म्हटलं, तानुबाई, आता बघ. आणि सहज विचारावं तसं विचारलं, “बाई, एखादीचं अंथरूण ओलं झालं तर?”

त्या हसल्या. “आमच्याकडे हे महिन्याभरात सुटतं. गादी पुढच्या कठड्यावर टाकतो. चार मैत्रिणींनी बघितलं की आपोआप सवय जाते. लाज हे चांगलं औषध आहे, नाही का?”

त्यांनी शिपायाकडून पाणी मागवलं. दोन ग्लास आले. सकाळी अकराची वेळ, रिक्षातून एवढं ऊन खात आलेलो. पल्लवीने ग्लासाकडे बघितलं, मग त्या कठड्याकडे बघितलं. कठडा रिकामाच होता, सुट्टी होती ना. म्हणाली, “नको, तहान नाही.”

मी म्हटलं, “बाई, पल्लवीचा फॉर्म जरा द्याल? एक चुकलंय.” त्यांनी काढून दिला. मी त्यांच्याच पेनने बाराव्या प्रश्नातलं ‘नाही’ खोडलं आणि ‘होय’ लिहिलं. पल्लवीने मान खाली घातली.

बाईंचं हसू गेलं. “हे आधी सांगायला हवं होतं.”

“हो, चुकलं माझं. पण हिची गादी मागच्या बाजूला वाळत घालता येईल? मी दर रविवारी येऊन चादरी धुऊन देईन.”

“एकीसाठी नियम बदलत नाही आम्ही.”

“चिठ्ठी तरी लावू नका.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की हे हिला कुणी सांगितलं. मग म्हणाल्या, “अच्छा. भोये मावशी का? अहो, तिला कामावरून कमी केलंय. अशा बायकांचं ऐकून तुम्ही मुलीचं भविष्य ठरवणार? बाहेर साठ नावांची यादी आहे. आणि खरं सांगू, लाडावलेल्या मुली घरीच बऱ्या.”

मी फॉर्मची घडी घातली आणि पिशवीत टाकली. “यादीतलं पुढचं नाव घ्या,” म्हटलं. बाहेर येईपर्यंत मागे वळून बघितलं नाही.

पेठ फाट्यावर रसवंतीत बसलो. पल्लवीने रस प्यायला, मग पाण्याचे दोन ग्लास, एकामागे एक, श्वास न घेता. मग मला विचारलं, “आई, आता संध्याकाळीपण पिऊ?”

मी मान हलवली.

घरी यांना सांगितलं. हे फुलांच्या करंड्या बांधत होते. “सगळ्या मार्केटला सांगून बसलोय मी!”

“मग परत सांगा.”

“काय सांगू? पोरगी मुतते म्हणून?”

पल्लवी दारातच होती. हे करंडी तशीच टाकून मळ्यात निघून गेले. अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. मीही बोलावत नाही.

संध्याकाळी तानुबाई भिंतीवरून डोकावली. “आनलास फॉर्म?”

“आणला.”

“लिवायच्या आधी इचारलं असतंस, तं पोरगी एवढे दिस तहानली नसती.”

“आणि तुम्ही नळावर बोंबलला नसतात, तर गल्लीला कळलं नसतं.”

“तुला आत येऊन सांगितलं असतं, तं तू दार लावून घेतलं असतंस. लावतीसच.”

खरं आहे, लावलं असतं. पण ते तिला सांगायची माझी इच्छा नव्हती. मी तुळशीवरचं तिचं लुगडं उचलून तिच्या अंगावर फेकलं. तिने ते झेललं आणि म्हणाली, “आशाला दवाखान्यात डाक्टरनं सांगितलं व्हतं, लघवी तपासायची असती, औषद असतं याला. लाज नाय, औषद. तू नवस फेड, कोन नको म्हनतंय. पन आधी तिला दाखव.”

“मला शिकवू नका,” मी म्हणाले.

“तुला कोन शिकवनार,” ती म्हणाली आणि आत गेली.

ही बाई मला आवडत नाही. पुढेही आवडणार नाही. नवस तसाच आहे, गडावर मी पायी जाणारच. पण आज जेवताना पल्लवीने तांब्या स्वतः पुढे ओढला, आणि तेही इथे लिहायला हवं.

उद्या सकाळी साडेनऊला पल्लवीला घेऊन द्वारका चौकाजवळच्या मुलांच्या डॉक्टरांकडे जायचंय.