टोल्याच्या रकान्यातलं शून्य

शुक्रवारी दुपारी बिसेन सरांनी माझ्या टेबलावर बर्फीचा डबा उघडून ठेवला. सर आमच्या संस्थेचे जिल्हा प्रमुख. ते उगीच मिठाई आणत नाहीत.

"मेश्राम जी, टोले का रिझल्ट तो कमाल है. झीरो," असं म्हणून त्यांनी पहिला तुकडा स्वतःच उचलला.

ते शून्य मीच काढलं होतं. तक्त्याखाली सहीही माझीच होती. सकाळपासून मी त्याच्याकडे बघत होतो आणि ते मला पटत नव्हतं.

थोडं समजावून सांगतो. मध्य प्रदेशातल्या बालाघाटला एका आरोग्य संस्थेत मी आकड्यांचं काम करतो. आमच्या पोरी टॅबलेट घेऊन गावोगाव फिरतात, घरोघरी प्रश्न विचारतात, बाळांची वजनं घेतात. ती माहिती माझ्या कॉम्प्युटरवर येते आणि मी तिचे तक्ते करतो. त्यात सगळ्यात वजनदार आकडा म्हणजे बाळमृत्यू. जन्मलेल्यांपैकी किती बाळं वर्षाच्या आत गेली, हा हिशेब. या एका आकड्यावरून त्या वस्तीची बरीचशी कुंडली कळते. आई काय खाते, पाणी कुठून येतं, गाडी दारापर्यंत पोचते की नाही, सगळं त्यात उतरतं.

लांजीकडच्या एका गावाचे मी दोन भाग केले होते, मुख्य गाव आणि नाल्यापलीकडचा टोला, म्हणजे त्याच गावाची वाडी. गावाचं नाव सांगत नाही, आमच्या कामात तशी पद्धत आहे. मुख्य गावात पक्की घरं, जमिनी, मोटरसायकली. टोल्यात बहुतेक सगळे भूमिहीन, लोकांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान कापायला जाणारे. आणि माझा तक्ता सांगत होता की दोन वर्षांत मुख्य गावात बाळं गेली, टोल्यात एकही नाही.

गरीब वस्तीचं आरोग्य श्रीमंत वस्तीपेक्षा चांगलं दिसलं, तर दोनच शक्यता असतात. एक तर चमत्कार झाला किंवा मोजण्यात चूक झाली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी चमत्कार एकदाही पाहिलेला नाही.

खरी काळजी पुढेच होती. टोल्यात आमचा दर गुरुवारी दवाखाना भरायचा. लता सिस्टर गाडी घेऊन जायच्या, गरोदर बायका तपासायच्या, कुणाची तब्येत नाजूक वाटली तर त्याच गाडीत बसवून जिल्ह्याच्या दवाखान्यात आणायच्या. सोमवारी मीटिंग होती. टोला सुधारला, तेव्हा हा गुरुवार आता दुसऱ्या गावाला द्यायचा, असं सरांनी ठरवून टाकलं होतं. माझ्या तक्त्याच्या जोरावर. मी बर्फी घेतली नाही, अ‍ॅसिडिटीचं कारण सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

संध्याकाळी घरी आलो तर अंगणवाडीच्या ताई आमच्या ओसरीवर चहा पीत होत्या. वॉर्डातल्या गरोदर बायकांची यादी करायला आल्या होत्या. माझी मुलगी प्रज्ञा समोरच बसली होती. आठवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे आम्हीच तिला नागपूरहून घेऊन आलो होतो. ताईंनी तिला विचारलं, इथेच राहतेस का. प्रज्ञा म्हणाली, नाही, मी नागपूरची, बाळंतपणाला आले आहे. ताई बरं म्हणाल्या, वही मिटली, कप ठेवला आणि पुढच्या घरी गेल्या.

मी बूट काढत होतो. एक काढला आणि दुसरा पायात तसाच राहिला.

लॅपटॉप उघडून आमचा फॉर्म काढला. तिसरा प्रश्न, "आपण या गावच्या कायम रहिवासी आहात का?" उत्तर "नाही" आलं तर पुढे स्किप. स्किप म्हणजे मधले सगळे प्रश्न गाळून फॉर्म थेट शेवटी जातो, स्क्रीनवर "धन्यवाद" येतं आणि पोरगी पुढच्या घरी जाते. ही स्किप मीच टाकली होती. एकच बाई सासरी आणि माहेरी अशी दोनदा मोजली जाऊ नये म्हणून. तेव्हा स्वतःच्या हुशारीवर मी खूश झालो होतो.

आता दुसरी बाजू बघा. तीच बाई सासरच्या गावात मोजायला गेलो तर घरचे सांगतात, सून माहेरी गेली. तिथे "अनुपस्थित" लिहिलं की पुन्हा स्किप. आणि सासरचं गाव आमच्या यादीतच नसलं तर विषयच संपला. म्हणजे पहिलटकरीण बाई आणि तिचं बाळ आमच्या कुठल्याही वहीत नव्हतं. पहिलं बाळंतपण, आई अजून कोवळी, धोका सगळ्यात जास्त, आणि नेमकी तीच बाळं मी गाळली होती. मी स्वतः याच रिवाजातला. पोरगी माझ्या ओसरीवर बसलेली. तरी हे मला सुचलं नव्हतं.

प्रज्ञाचं नाव यादीत आलं नाही म्हणून तिचं काही बिघडणार नव्हतं. डॉक्टर ठरलेली होती, सोनोग्राफी झाली होती, शेजाऱ्यांची कार दाराशी होती. टोल्यात तसं नव्हतं.

सरांना फोन लावला. ते वैतागले आणि त्यांचंही चुकलं नाही. दुसऱ्या गावाचा सरपंच वर्षभर त्यांच्या मागे लागला होता, त्यालाही लेकी-सुना होत्याच. शेवटी म्हणाले, "सोमवार को शक लेके मत आना मेश्राम जी. आकडा लेके आना."

शनिवारी सकाळी पहिल्या बसने निघालो. मी ऑफिसातला माणूस, फील्डवर जायचं म्हटलं की काहीतरी कारण काढतो. लता सिस्टर टोल्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की टोल्यात दोन बाळं गेल्याचं त्यांना माहीत होतं. मी विचारलं, मग कळवलं का नाही?

"कळवलं असतं जी. टॅबलेट त्यायले घेतच नव्हता," त्या म्हणाल्या. "अन् आता माह्यावर येईन ना, सर? सिस्टरच्या राहता राहता लेकरं गेले म्हनतीन."

मी म्हटलं, तुमच्यावर येणार नाही. पण ते माझ्या हातात होतं का, हे मलाही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी आम्ही फॉर्म वापरलाच नाही. प्रत्येक घरी म्हाताऱ्या बाईला एवढंच विचारायचं ठरवलं, तुम्हाला लेकी किती, कोणती बाळंतपणाला आली होती, बाळ आता कुठे आहे. प्रश्न सिस्टर विचारायच्या, मी मागे वही घेऊन उभा. पहिल्या दहा-बारा घरी काहीच निघालं नाही. नातवंडं धडधाकट होती, अंगणात खेळत होती. मला आनंद व्हायला हवा होता. उलट मी घाबरत गेलो, की शून्य खरंच निघालं तर सोमवारी सर मला सगळ्यांसमोर सोलतील. आणि लगेच मनात आलं, अरे, तू काय निघावं म्हणून वाट बघतो आहेस? मला स्वतःचीच किळस आली.

दुपारी कौसाबाईंच्या घरी पोचलो. त्या धान कापायला गेल्या होत्या. घरी लेक होती, सपना. वीस-एकवीस वर्षांची, दिवस भरत आलेले. सिस्टरांना बघून तिने खाट टाकली. चेहरा पांढुरका, नखंही तशीच. रक्त कमी आहे हे मलासुद्धा दिसत होतं.

सिस्टरांनी हळूच पहिल्या बाळाचं विचारलं. सपना पदराशी चाळा करत राहिली. मग माझ्याकडे न बघता बोलली.

"मागच्या साली तुमची पोरगी आलती, टॅबलेट घेऊन. पुसलं, तू इथलीच का? मी सांगतलं, नाही जी, माह्यं सासर तिकडं, जंगलाकडं. तं म्हने, मंग ठीक हाय. अन् गेली." तिने आतल्या खोलीकडे बोट केलं. "बाळ तवा आतच निजून होतं. तीन दिवसाचं."

मी विचारलं, पोरीजवळ वजनकाटा होता का? मला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

"हौ. खांद्याले लटकून होता."

पोरगी सोमवारी येऊन गेली आणि ते बाळ मंगळवारी गेलं. दूध ओढत नव्हतं, अंग गार पडत होतं. घरच्यांनी शेकलं. गुरुवारी सिस्टर येईल, तेव्हा दाखवू, असं त्यांनी ठरवलं होतं. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे नाव नव्हतं. काटा दारापर्यंत आला होता. त्या दिवशी वजन झालं असतं तर टॅबलेटवर लाल खूण आली असती आणि पोरीने सिस्टरला फोन केला असता. तसा नियमच आहे, तोही मीच लिहिलेला. बाळ वाचलंच असतं असं मी म्हणत नाही. पण माझ्या प्रश्नाने पोरीला दारातून परत पाठवलं हे खरं होतं. मला त्या अंगणात फार लाज वाटली. माफी मागावी असं वाटलं, पण कशाची, हे तिला समजावता आलं नसतं. मी वहीत तिचं नाव लिहिलं आणि पुढे "बाळ" एवढंच लिहिलं.

निघताना सिस्टरांनी विचारलं, दुसरं बाळंतपण तर सासरी करतात, मग तू इकडे काहून आलीस?

"तिकडं कोनीच नाही येत जी," सपना म्हणाली. "इथं गुरुवारी तुम्ही असता म्हनून आली."

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सोमवारचं माहीत होतं, सपनाला नव्हतं. तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. ज्या बायकांसाठी तो दवाखाना सगळ्यात गरजेचा, त्याच माझ्या तक्त्यात नव्हत्या. आणि त्या नव्हत्या म्हणूनच दवाखाना तिथून हलणार होता.

रविवारी उरलेली घरं केली. एकूण चार बाळं निघाली, सगळी माहेरी आलेल्या लेकींची. चारही घरी आमच्या पोरी जाऊन "धन्यवाद" म्हणून परत आल्या होत्या.

सोमवारी मीटिंगला भोपाळहून मॅडम आल्या होत्या, संस्थेच्या मुख्य ऑफिसातून. मी दोन तक्ते ठेवले, एक शून्याचा, एक चारचा. आणि आधीच सांगून टाकलं की फरक माझ्या चुकीमुळे आहे, सर्व्हेच्या पोरींचा किंवा सिस्टरांचा दोष नाही. बोलताना पाण्याचा ग्लास दोनदा उचलला आणि न पिता खाली ठेवला.

मॅडमचा प्रश्न रास्त होता. बायका दुसऱ्या गावच्या, मग बाळं टोल्याची कशी? उद्या सासरच्या गावातही कुणी मोजली तर?

मी म्हणालो, "मॅडम, पैदा टोले में हुए, गए भी टोले में. सिर्फ हमारे फॉर्म में टोले के नहीं थे."

मला वाटलं, आता सर सुरू होणार. सर चष्मा पुसत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जिस गाँव को गुरुवार देने वाले थे, फॉर्म तो वहाँ भी यही चला था." म्हणजे त्या गावाचा आकडासुद्धा भरवशाचा नव्हता. इतका साधा मुद्दा दोन दिवसांत माझ्या डोक्यात आला नव्हता. सरांबद्दल मी मनात जे काही बोललो होतो, त्यातलं निम्मं तिथेच मागे घेतलं.

ठरलं ते असं. सर्व्हे पुन्हा होईल, तोवर कुठलाच दवाखाना हलणार नाही. मी टोल्यासाठी आठवड्यातला आणखी एक दिवस मागितला, तो मिळाला नाही. लेखी खुलासा मात्र मागण्यात आला आणि मी तो दिला. दुसऱ्या गावाचा सरपंच अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

दोन गुरुवार गेले. तिसऱ्या गुरुवारी सिस्टरांनी सपनाला गाडीत घालून बालाघाटला आणलं. रक्त इतकं कमी होतं की बाटली लावावी लागली. मी ऑफिसात बसून दर तासाला फोन करत होतो. प्रज्ञासाठी घरीही मी इतके फोन करत नव्हतो, असं बायको नंतर म्हणाली. दुसऱ्या दिवशी मुलगी झाली, जेमतेम दोन किलोची. काही दिवस दवाखान्यातच ठेवली, मग मायलेकी टोल्यात परत गेल्या.

फॉर्म मी बदलला. स्किप काढून टाकल्या. आता आधी बाळ, मग आई, आणि तुम्ही कुठल्या हा प्रश्न सगळ्यात शेवटी. दोनदा मोजणी झाली तर ती मी टेबलावर बसून शोधून काढतो, त्यासाठी मला पगार मिळतो. मुळात मोजलंच नाही ते मात्र टेबलावरून सापडत नाही. आणि तक्ता बघून ऑफिसात मिठाई आली की मी तो पुन्हा तपासतो.

नवा सर्व्हे सुरू झाल्यावर टोल्यातून आमच्या पोरीचा फोन आला. ती कौसाबाईंच्या अंगणात उभी होती आणि तिचा गोंधळ झाला होता.

"सर, सपनाची लेक आहे इथं. पन सपना तं सासरची हाय, पुढच्या महिन्यात जानार म्हनते. हिले कोनत्या गावात टाकू?"

मी म्हटलं, "गाव मागून बघू. आधी काट्यावर ठेव तिला."

फोन चालूच होता. पलीकडून बाळाच्या रडण्याचा आवाज आला आणि मग पोरीने वजन सांगितलं. तीन किलो चारशे.