एकुलती एक कॅसेट

कॉलेजातला आमचा रॉक बँड कधीचाच मोडला. त्याची कधीच बाहेर न आलेली गाणी शोधत एक चाहता अकोल्याहून अमरावतीला माझ्या घरी आला. टी-शर्टवर आमच्या बँडचं नाव त्यानं स्वतःच छापून घेतलं होतं. त्या गाण्यांची माझ्याजवळची कॅसेट रुमालात धरून त्यानं आधी तिचे फोटो काढले. मग मी ती लावली. माझा ड्रम सुरू झाला न झाला तोच तो म्हणाला, “काका, हे अजून कोणाजवळ हाये का?”

“वलगावले एका दोस्ताजवळ हाये ना.”

“मंग काय फायदा,” म्हणत तो उठला. गाण्याचं धृपदही अजून आलं नव्हतं.

वलगावात माझा कोणी दोस्त नाही. पण असल्या चाहत्याच्या हाती पडण्यापेक्षा कॅसेटला माझ्या कपाटात बुरशी लागलेली बरी.