उघडा राहिलेला कंस

सकाळी ऑफिसच्या दारात सफाईच्या मावशी ठिपक्यांची रांगोळी काढत होत्या. मध्येच थांबल्या. "एक ठिपका चुकलाय. आता ही रेघ जुळायची नाही."

आत आमचा प्रोग्रॅम बंद पडला होता. तो दुसरे प्रोग्रॅम लिहितो, पण कसे? तयार मजकुरात शब्द भरून, शाळेतल्या 'गाळलेल्या जागा भरा'सारखे! त्याने लिहिलेल्यात पुन्हा एक कंस उघडा राहिला होता, जोडीचा बंद करणारा कंस पडलाच नव्हता. आधी रचनेचं झाड, म्हणजे कशाच्या पोटात काय बसतं याचा आराखडा, उभं करा, मजकूर त्यावरून उतरवा, मग कंस उघडा राहणारच नाही, असं मी वर्षभर कानीकपाळी ओरडतोय.

साहेब म्हणाले, "आत्तापुरता तो कंस हाताने टाक ना!"

टाकला.

तणतणत बाहेर आलो. मावशी अख्खी रांगोळी पुसून पहिल्यापासून ठिपके मांडत होत्या. कंस टाकणारा हात मी खिशात लपवला.