रुपालीचं अक्षर

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही.

नांदेडात माझं टॅटूचं दुकान आहे. स्वतःला कलाकार म्हणवतो — आणि गिऱ्हाइकांना मनातल्या मनात गाढवं. कुणाला सिंह पाहिजे, कुणाला त्रिशूळ, कुणाला तीन आठवड्यांच्या प्रेयसीचं नाव. असल्यांच्या कातडीवर आपली कला वाया चालली, असं मला खरंच वाटायचं. माज — दुसरं काय?

एक दिवस धर्माबादचा एक हमाल आला. तिथल्या मोंढ्यात, मिरचीच्या बाजारात, पोती वाहणारा. अंगाला मिरचीचा खकाणा. मी शिंकलो आणि तोंड फिरवलं. त्यानं पिशवीतून वहीचं पान काढलं. त्याच्या लेकीनं त्यावर स्वतःचं नाव लिहिलेलं — रुपाली. दुसरीत होती. तापानं गेली.

"सायेब, मला वाचता येत न्हाई. पण हे तिच्या हातचं हाय. जसंच्या तसं मनगटावर पाहिजे."

तिच्या हातचं तेवढं एकच पान उरलं होतं. मी ते ठेवून घेतलं, उद्या या म्हणालो. आणि त्याच संध्याकाळी — कसं सांगू? — मशीन पुसायला हाताशी आला तो कागद उचलला. तेच पान. काळ्या शाईनं पार बरबटलं. घाई होती म्हणू? नव्हती. बघायची तसदी घेतली नाही, एवढंच.

सांगायला हवं होतं ना? पण अडाणी माणूस, याला काय कळणार! डाव्या हातानं वेडंवाकडं 'रुपाली' लिहिलं आणि तेच त्याच्या मनगटावर गोंदलं. पान मागितलं, तर छापा काढताना फाटलं म्हणालो. तो रडला. माझ्या हाताला डोकं लावलं त्यानं. मी लावू दिलं.

महिन्याभरानं तो बायकोला घेऊन आला. तिला वाचता येत होतं.

"माझी पोरगी अक्षरावर रेघ मारायची न्हाई," ती म्हणाली. "बाई लई रागवायच्या, तरी न्हाई. मग ही रेघ कशी?"

"रेघ मी मारली. त्याशिवाय नाव उठून दिसत नाही. खालचं अक्षर तिचंच."

इतक्या सहज निघालं तोंडातून!

तिनं नवऱ्याच्या मनगटावरच्या रेघेवर आडवं बोट ठेवलं. खालची अक्षरं बघत राहिली — माझ्या डाव्या हाताची. बराच वेळ.

"हाव," ती म्हणाली. "तिचंच हाय."

दोघं पायऱ्या उतरून गेली. हाक मारता आली असती. मी मारली नाही.