गनीभाईचा तळहात

पडदा वर जातो तेव्हा वैशाखातली दुपार आहे. कोल्हारला, नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली गनीभाई टायरवाला टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधतोय. शेजारी प्रवरा कोरडी पडलेली. पाणी आहे ते एवढ्या टबातच. आणि धुरळ्याचा लोट उठवीत प्रवेश होतो तिचा! आठ सिलिंडरची, नावेसारखी लांब, निळी अमेरिकन मोटार.

तिच्यातून आधी उतरला गोरक्ष, एका बड्या ऊसबागायतदाराचा मुलगा. मागून भिमाजी, त्यांचा ड्रायव्हर आणि गनीभाईचा वीस वर्षांचा दोस्त. गोरक्षला गाडी चालवता येत नसे. तो शेजारी बसून हुकूम सोडी.

"गनीभाई, डिकीतले टायर चढवा. मनमाड एका तासात गाठायचंय. पैज लागलीय."

गनीभाईने डिकी उघडली. आत जीपचे चार टायर, बोटबोट जाड दात्यांचे.

"दादा, हे चिखलाचे टायर हायेत. तुमच्या गाडीसाठी मी मुंबईवरनं मागवलेत ना."

त्याने आतून एक टायर गडगडत आणला. पातळ, बारीक रेघांचा. गोरक्ष खो खो हसला.

"ही तर झिजलेली वहाण! आमची जीप उसाच्या चिखलातनं बैलागत निघती, ती या दात्यांवर. एवढ्या ताकदीच्या गाडीला हे कागद लावू व्हय?"

"चिखलात जीप रांगती, दादा. ही पळनार. जाड रबर पळताना तापतं, आन् ताप बाहेर पडत न्हाई. पातळ टायर गार ऱ्हातो."

"बसवायचे का नगरला जाऊ?"

भिमाजी खाली मान घालून उभा होता. गनीभाईने त्याच्याकडे पाहिलं. नगरला कुणीही टायर बसवून दिले असते. गाडीबरोबर कुणी गेलं नसतं. गनीभाईची मात्र रीत होती. टायर बदलला की तो स्वतः त्या गाडीतून जायचा, वाटेत उतरून चारही चाकांना तळहात लावायचा. नाडी बघतो म्हणून लोक त्याला हकीम म्हणत. हकीमाने निमूटपणे टायर चढवले आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.

राहात्याला त्याने गाडी थांबवायला लावली. तळहात जेमतेम टेकला.

"ताप चढलाय. भिमाजी, हळू घे."

"हळू जायला बैलगाडी हाय की घरी," गोरक्ष घड्याळ बघत म्हणाला. "दाब!"

भिमाजीने दाबलं. रस्त्याकडेची बाभळीची झाडं मागं पळू लागली. गनीभाईचे कान चाकांकडे, नाक खिडकीकडे. शिर्डी मागं पडली. कोपरगावजवळ गाडी गोदावरीच्या पुलाशी आली आणि जळक्या रबराचा वास आला.

"थांबव! लघवीला लागलीय!"

"म्हातारं पन कुठं अडवतंय बघ," गोरक्ष चरफडला.

गनीभाई उतरला तो थेट मागच्या चाकाकडे. हात टेकताच चटका बसला. आतल्या अंगाला रबर लिंबाएवढं फुगलं होतं.

"गाडी पुढं न्यायची न्हाई, दादा. या, तुमी हात लावून बघा."

गोरक्ष जागचा हलला नाही. "निम्मी वाट झाली! भिमाजी, चालू कर. न्हाईतर उद्यापासनं येऊ नको."

भिमाजीने गनीभाईकडे पाहिलं. मग कपाळाचा घाम पुसला आणि किल्लीला हात घातला.

गाडी हलायच्या आत गनीभाईने खिशातून पाना काढला. डिकीत एक जादा चाक होतं, म्हणजे एकाच चाकाची हवा सोडून भागणार नव्हतं. त्याने मागच्या दोन्ही चाकांच्या वॉल्व्हच्या सुया काढल्या आणि नदीच्या वाळूत भिरकावल्या. फुस्स करीत ती निळी नाव जागच्या जागी खाली बसली.

गोरक्ष हात उगारून धावला. भिमाजी दार उघडून मध्ये आला.

"त्यांच्या अंगाला हात लावू नका, दादा."

"असं? मग तूबी जा. दोगं मिळून टायर चाटा!"

गोरक्षने एक मालट्रक थांबवला आणि वर चढून निघून गेला.

रस्ता ओस पडला. भिमाजी दगडावर बसला. पुढच्या महिन्यात त्याच्या लेकीचं, विजयमालाचं, लग्न होतं.

"काय केलंस रे हे, गनीभाई? फुटला असता, न्हाईतर नसताबी फुटला. आता घरी काय सांगू?"

खरंच, नसताही फुटला. हे काय गनीभाईला कळत नव्हतं? भाजलेला तळहात त्याने धोतराला पुसला, पण आग कमी होईना. कोल्हारच्या त्या छपरात एका माणसालाही पुरेसं काम नव्हतं, हे दोघांना ठाऊक होतं. तरी तो म्हणाला,

"आधी सावलीत बस. आन् उद्या सकाळी माज्याकडं ये, टबापाशी दोगं बसू."