त्या तापात गेलेलं

माझं माहेर भिंगारचं. वडील छावणीतल्या कचेरीत कारकून होते आणि मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं होतं. शरीराबद्दल जे काही शिकले ते इंग्रजीतच. लग्न होऊन देवळाली प्रवरेला आले, काही वर्षं गेली, मूल होईना आणि दवाखाना सुरू झाला, तेव्हा लक्षात आलं की या विषयावर नवऱ्याशी बोलायला माझ्याकडे मराठी शब्दच नाहीत. त्याच्याकडे होते, पण ते मित्रांत बोलायचे, बायकोसमोर नव्हे. मुळात आम्ही दोघंही अबोल. नगरला जाता-येता एसटीत कांद्याच्या रोपांबद्दल बोलत राहायचो.

माझ्या तपासण्या आधी झाल्या. सगळ्या ठीक निघाल्या. तरी सासूबाईंनी माझ्या नावाने शनिवारचे उपास धरले होते. त्या टोचून कधी बोलल्या नाहीत. ते काम चुलत सासूबाई करायच्या. एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इंग्रजी शाळेतल्या पोरीस्नी लेकरं बी आधी इचारून येत्यात का गं?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

मग नवऱ्याची तपासणी झाली. शुक्राणू फारच कमी होते. डॉक्टरांनी विचारलं, वयात आल्यावर कधी गालफुगी झाली होती का? तो म्हणाला, झाली होती, सगळ्यांनाच होते. त्यानंतर खाली सूज आली होती का, असं विचारल्यावर त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "ती पडल्यामुळं आली होती. ट्रॉलीवरून."

गळीत हंगामात कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर गावाच्या वळणावर हळू होतात, आणि पोरं मागून धावत ट्रॉलीतले ऊस ओढतात. गालफुगीतून नुकताच उठलेला हा, घरच्यांचा डोळा चुकवून तिथे गेला, लोंबकळला आणि पडला. नेमका त्याच वेळी ताप चढला आणि सूज आली. घरात सगळे धरून चालले की मुका मार लागलाय. वडील म्हणाले, चोरून ऊस खायची ही फळं. आईने वीट तापवून, फडक्यात गुंडाळून शेक दिला. किती दुखतंय, हे लाजेपायी त्याने कुणालाच नीट सांगितलं नाही.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गालफुगीचा विषाणू मोठ्या मुलांमध्ये कधी कधी वृषणांत उतरतो. आत सूज येते, पण वरचं आवरण ताणलं जात नाही, मग शुक्राणू तयार करणारा भाग दबून खराब होतो. पुष्कळांना एकाच बाजूला होतं आणि निभावून जातं. याला बहुधा दोन्हीकडे झालं होतं. थोडं शिल्लक आहे, लॅबच्या मदतीने प्रयत्न करता येईल, पण खात्री देता येणार नाही.

परतताना राहुरी आली. तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे ते ऊस ओढल्यामुळं नव्हतं."

त्याच्या आवाजात जवळजवळ सुटका होती. इतकी वर्षं तो स्वतःला चोरीची शिक्षा झालेला समजत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्या तापातल्या मुलाच्या उशाशी आपण असायला हवं होतं, असं उगाच वाटत होतं.

मला मूल हवं होतं. अजूनही हवं आहे, दुसऱ्याचं पोर कडेवर दिसलं की हात आपोआप रिकामे वाटण्याइतकं. पण तेव्हा आणखी एक गोष्ट हवी होती. हे घरात त्याने सांगावं, मी नाही. मी त्याला तसं म्हटलं नाही. नुसती वाट पाहत राहिले. एक शनिवार गेला, दुसराही गेला.

तिसऱ्या शनिवारी सकाळी सासूबाई आमच्यासाठी भाकऱ्या थापत होत्या. तो चुलीशी जाऊन बसला. "आई, हिच्या नावानं उपास नको धरू. कमी माझ्यात हाय. गालफुगीचा ताप आला हुता, त्यात गेलं."

त्यांचे हात परातीतच थांबले. "मी शेकलं हुतं रं. विटेनं."

"शेकल्यानं न्हाई झालं, आई."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "व्हय का?"

"हो, आई. त्या आजारानंच झालं," मी म्हणाले. त्या दिवशी त्या आमच्याबरोबर जेवल्या.

काही दिवसांनी शेजारी बारसं होतं. बाळाला पाळण्याखालून-वरून देण्यासाठी दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहू लागल्या, तशी मी नेहमीप्रमाणे घुगऱ्या वाटायच्या निमित्ताने आत निघाले. सासूबाईंनी हाक मारली. "इकडं ये. माझ्यासमोर उभी ऱ्हा."

चुलत सासूबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुणी गोविंद घ्या," म्हणत त्यांनी पाळण्याखालून बाळ माझ्याकडे दिलं. दुपट्यातून त्याची ऊब हाताला लागली, मानेला तेलाचा वास होता. "कुणी गोपाळ घ्या," म्हणून मला ते वरून परत द्यायचं होतं. माझ्याच्याने लगेच देववलं नाही. पलीकडे त्यांचे हात पसरलेले होते. बायका थांबल्या होत्या. पण सासूबाईंनी घाई केली नाही.