तलावासमोरचं निळं घर

आमच्या गावचा तलाव सुंदर झाला त्याला आता काही वर्षं झाली. फोटो पाहिले तर तुम्हीही व्वा म्हणाल. मला मात्र त्या तलावाचं नाव काढलं तरी डोक्यात तिडीक जाते. का, ते सांगायला लागले की लोक म्हणतात, मॅडम, विकासाला विरोध करू नये. शेजारच्या सावली गावातल्या एका खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवते, म्हणून मी मॅडम.

तलावाच्या पाळीला लागून आमची गल्ली होती. आम्ही भाडेकरू. बाबा राईस मिलमध्ये पोती वाहायचे, ते गेल्यावर आई त्याच मिलमध्ये तांदूळ पाखडायला जाऊ लागली. तेव्हाचा तलाव म्हणजे अर्ध्या गावाच्या नाल्यांचं पाणी, काठानं माजलेली बेशरमाची झुडपं, आणि दिवेलागणीला दार उघडं राहिलं की घरभर मच्छर. नातेवाईक आले की नाकाला पदर लावून बसायचे. पण त्या वासामुळेच आम्हाला परवडेल असं घर मिळालं होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, आणि तलावाकडे उघडणारी एक मोठी खिडकी. गल्लीतले सगळे आमच्यासारखेच, दुसरीकडे भाडं झेपत नाही म्हणून आलेले.

घरमालक माजरीला खाणीत नोकरीला होते, राहायलाही तिकडेच. करारनामा वगैरे काही नव्हता. आई त्यांना भाऊ म्हणायची, ते तिला बाई. नवा तांदूळ निघाला की त्यांच्यासाठी एक थैली आधी बाजूला निघायची आणि माजरीकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती जायची. छपराचे कवेलू फेरणं, भिंती पोतणं, घरपट्टी भरणं, सगळं आमच्याकडे. दर एप्रिलात जयंतीच्या आधी आई चुन्यात नीळ कालवून पुढची भिंत स्वतःच्या हातानं पोतायची. राहतो तोवर घर आपलंच, अशी आमच्याकडे समजूत असते. ती कुठे लिहून घ्यावी, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मग नगरपरिषदेला सौंदर्यीकरणाचा निधी आला. थोडा सरकारचा, थोडा नगरपरिषदेचा स्वतःचा, म्हणजे घरपट्टीतला, म्हणजे आमचाही. गाळ निघाला, नाले वळवले, फरसबंदी वाट झाली, दिवे लागले. खोटं कशाला बोलू, आम्ही हरखून गेलो होतो. उद्घाटनाच्या आधी नगरसेवक गल्लीत येऊन सांगून गेले, मोठे पाहुणे येणार आहेत, दर्शनी भिंती नीट करा. रंगाला पैसे नव्हते त्यांच्याकडे, सगळे दिव्यांत गेले असावेत. आईनं एप्रिलाची वाट न पाहता भिंत पोतली, दोनदा हात दिला. ओटा सारवला, तुळई रंगवली, कुंडीत झेंडू लावला. अख्ख्या पाळीवर आमचं घर उठून दिसायला लागलं.

त्यानंतर संध्याकाळी माणसं फिरायला येऊ लागली. मोटारींतून उतरून चालायची आणि चालून झालं की आमच्या निळ्या भिंतीपुढे उभं राहून फोटो काढायची. आई ओट्यावर पाण्याचा पितळी गुंड घेऊन बसायची. जन्मात पहिल्यांदा तिच्या दाराशी चांगले कपडे घातलेले लोक थांबत होते, तेही नाकाला रुमाल न लावता. तिला किती अप्रूप वाटायचं, ते मी पाहिलंय.

एके दिवशी एक साहेब आणि त्यांच्या बाई पाणी प्यायला थांबले.

"आत या न साहेब, बाहीर काऊन उभे?" आई म्हणाली.

ते आले. तिनं चहा ठेवला आणि खिडकी सताड उघडून दाखवली. "ह्या घरावानी हवा सगळ्या गावात नाई भेटणार तुमाले." साहेब म्हणाले, खरंच हो, काय जागा आहे! घर कुणाचं? आईनं मालकांचं नाव सांगितलं, माजरीचा पत्ता सांगितला, "बहुत चांगला माणूस हाये," असंही वरून सांगितलं. मी तिथेच पेपर तपासत बसले होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आलेल्या माणसाला घर दाखवायचं, घरमालकाचं भलं बोलायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

पुढच्या महिन्यात मालक आले. ओट्यावरच उभे राहिले. आई म्हणाली, "भाऊ, आधी चहा घ्या."

"नको बाई," ते म्हणाले. "माह्या हातात काई नाई राह्यलं. इथं चहा पिऊन गेलेले साहेब घरी आले, पोरानं सौदा करून टाकला. तलावासमोरचे भाव कुठच्या कुठी गेले. घरपट्टीबी वाढून राह्यली म्हनते."

ती वाढलेली घरपट्टी आम्हीच भरली होती, हे मी बोलून दाखवलं. आईनं मला डोळ्यांनी गप्प केलं. त्या वर्षीची तांदळाची थैली दाराआड तयार होती, ती तिनं त्यांच्या हातात दिली. मला ती थैली त्यांच्या पायावर आपटावीशी वाटत होती, आजही वाटते.

गल्लीतली निम्मी बिऱ्हाडं त्याच सुमारास उठली. सगळे एकदमच खोल्या शोधायला निघाल्यावर गावातल्या कोंदट खोल्यांचीसुद्धा भाडी चढली. जिथे परवडत होतं तिथे आडनाव विचारायचे, आणि आडनाव ऐकलं की खोली नेमकी सकाळीच दिलेली असायची. मी नगरसेवकाकडे गेले.

"तुमची जागा असन तं घरकुल बसवून देतो," ते म्हणाले.

"जागा असती तं तुमच्याकडे आली असती काऊन?" मी म्हटलं. ते हसले. त्यांच्या मागच्या भिंतीवर तलावाचा मोठा फोटो होता. डाव्या कोपऱ्यात आमची भिंत.

आता आम्ही बायपासपलीकडे राहतो, राईस मिलच्या मागे, उघड्या नाल्याजवळ. अंगणात दिवसभर कोंडा उडतो. भाडं पूर्वीच्या दुप्पट. सावलीची बस पकडायला मला लवकर निघावं लागतं आणि आईला संध्याकाळी बोलायला कुणी नाही. एप्रिलात मी नीळ आणली. ती म्हणाली, "राहू दे." पुडी अजून फडताळात पडून आहे.

मागच्या हिवाळ्यात एक माणूस टेप घेऊन नाल्याच्या कडेनं मोजमाप करत आला. तरुण होता, बोलायला गोड. पाणी मागितलं. आईनं गडवा भरून उंबऱ्यावर ठेवला. आत या म्हणाली नाही. माझ्या आईनं, जिनं विकायला आलेल्या भांडेवालीलाही कधी उभ्या उभ्या पाठवलं नाही!

"मावशी, इथं नाल्यावर बगिचा होणार आहे," तो म्हणाला. "नगरपरिषदेनं प्रस्ताव पाठवलाय. तुमचं नशीबच उघडणार. हवा काय मस्त आहे इथं!"

आई पदरानं हात पुसत दारात आडवी उभी राहिली.

"काई नाई बाबा," ती म्हणाली. "बहुत वास येते. मच्छर हायेत, साप निंगते. मानसानं राहावं अशी जागाच नाई हे. लिहून घे तुह्या कागदावर."

तो हसून पुढे गेला. त्या दिवशी मिल बंद होती, कोंडा नव्हता, आणि संध्याकाळी वारा खरंच छान सुटला. आम्ही दोघी दार-खिडकी लावून आत बसलो.